मुहूर्ताची खरेदी

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत नंदुरबारच्या एका व्यापारी घराण्यात घडलेली हकीकत कथारूपाने सादर करीत आहे. ज्यास आज लहानथोर सर्व जण शेअर म्हणतात, असा एखाद्या कंपनीचा भाग विकत घेण्यापूर्वी त्या कंपनीचे बळ कशात आहे व धोका कोठे दडला आहे, याचा विचार कसा करावा, आणि तसा विचार केल्याबद्दल एका मुलीस काय सोसावे लागले, हा या कथेचा विषय होय. कथेत राग पुष्कळ आहे. तो सौम्य करून पाहिला, परंतु राग काढला की कथाच उरत नव्हती. म्हणून तो आहे तसा ठेवला आहे.

माणकचंद शेठ हे नंदुरबारच्या बाजार समितीतील मिरचीचे व्यापारी. त्यांची माल पारखण्याची रीत आवारातील प्रत्येक शेतकऱ्यास पाठ होती. ढीग कितीही लालभडक दिसो, शेठ वरच्या मिरचीकडे पाहतच नसत. ते कोपरापर्यंत हात खुपसून तळातील मिरची बाहेर काढीत, कानाशी धरून हलवीत, आतील बी खुळखुळते की नाही ते ऐकत, मग ती मोडून सालीचा आतला रंग पाहत, आणि शेवटी जिभेला लावीत. एवढे झाल्यावर ते भाव बोलत. या रीतीतून त्यांनी कोणालाही सूट दिली नाही. सख्ख्या भावाचा माल आला तरी तो मोडून पाहिला, आणि भाव पाडला. त्या वेळी भावजयीने अबोला धरला. शेठ म्हणाले, "अबोला सुटेल. रंग उडालेली फटकी मिरची गळ्यात पडली तर ती सुटत नाही."

अशा माणसाच्या घरात पुढील प्रकार घडावा, हेच हीनाला अखेरपर्यंत समजले नाही.

हीना ही शेठजींची एकुलती एक मुलगी. तिने वाणिज्य शाखेची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण केली होती व दुकानाचे करविषयक सर्व काम तीच पाहत असे. दिवाळीनंतर तिचे लग्न अंकितशी ठरले, मुलीकडून गेलेला नारळ व साडी मुलाच्या घरी स्वीकारण्यात आली. अंकितचे वडील पारसमलजी हे रक्तिमा मसाले लिमिटेड या कंपनीचे मालक. औद्योगिक वसाहतीत त्यांचा मिरची दळण्याचा कारखाना होता, आणि लाल पिशवीवर सोनेरी अक्षरे असलेले त्यांचे तिखट किराणा दुकानांत लटकत असे. या कंपनीने पौष महिन्यात आपले शेअर प्रथमच लोकांस विकण्यास काढले. अर्ज करण्याची मुदत मंगळवारपासून गुरुवारच्या सायंकाळी पाचपर्यंत होती.

आता या समाजातील एक रीत सांगणे आवश्यक आहे. नात्यातील कोणी नवे दुकान उघडले की पहिल्या दिवशी सगेसोयरे जातात आणि भाव न विचारता काही ना काही विकत घेतात. बांगड्यांचे दुकान असेल तर बांगड्या, लोखंडाचे असेल तर निदान पावशेर खिळे. यास मुहूर्ताची खरेदी म्हणतात. ती वस्तू परत करायची नसते, तिच्याविषयी तक्रार करायची नसते, आणि ती विकायची तर मुळीच नसते. हीनाच्या घरात अशी एक कढई होती. मावसोबांच्या भांड्यांच्या दुकानातून मुहूर्तावर आणलेली. घरी पोहोचेपर्यंत तिचा एक कान निखळला. आई इचरजबाई आजतागायत त्याच एका कानाच्या कढईत पापड तळत होती आणि दरवर्षी बोटे भाजून घेत होती.

मंगळवारी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणास सर्व जण बसले असता शेठ सहज म्हणाले, "व्याहीजींच्या मुहूर्ताचा अर्ज भरून टाकला. फोनवर मंजुरीही दिली." घरात ही मंडळी मारवाडी बोलत, वाचकांच्या सोयीसाठी ते मराठीत मांडतो.

हीनाने ताट पुढे सरकवले. "बाबूजी, माहितीपत्रक वाचलंत?"

"कुणाचं?"

"रक्तिमाचं. उशीएवढं जाड आहे. मी रविवारपासून वाचतेय."

इचरजबाईने कपाळावर हात मारला. "सुनो जी, ऐका! पोरी सासरचा फोटो बघत बसतात, आपली सासरचा हिशेब बघत बसलीय."

"फोटोत सगळेच गोरे दिसतात, मम्मी."

खरे पाहता हीनाने त्या माहितीपत्रकात प्रथम चांगलेच शोधले होते. ज्या घरी जायचे त्या घराचे चांगले निघावे, असे कोणत्या मुलीस वाटत नाही? आणि चांगले निघालेही. कच्चा माल दाराशी, गुजरात व मध्य प्रदेश दोन्ही रस्त्यांवर, यंत्रे नवी, पिशवीवरचे नाव लोकांच्या तोंडी, तीन वर्षांत विक्री दुप्पट. तिने हे सारे मनापासून आनंदाने वाचले. नंतर तिने रोकड पाहिली, आणि तिचा आनंद मावळला. नफा दरवर्षी वाढत होता, परंतु धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेला पैसा दरवर्षी उणे होता. याचा अर्थ माल विकला असे लिहिले होते, पैसे मात्र आले नव्हते. ते कोणाकडे अडकले आहेत हे शोधता निम्मी विक्री सुरतेच्या एकाच पेढीस, तीही उधारीवर, आणि ती पेढी अंकितच्या मामांची. गोदामातील मिरचीचा साठा तर विक्रीहूनही वेगाने फुगलेला. आणि लोकांकडून गोळा होणाऱ्या पैशातील मोठा वाटा नव्या यंत्रासाठी नव्हे, बँकेचे कर्ज फेडण्यासाठी जाणार होता. त्या कर्जास पारसमलजींची स्वतःची हमी होती, तिच्यातून ते सुटणार होते.

हे सारे तिने जेवणाच्या ताटावर सांगितले. शेठ वरणात फुलका बुडवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "झालं?"

"झालं नाही. साठा कसला आहे तो? मिरची म्हणजे सोनं नव्हे. दोन उन्हाळे गोदामात पडली की रंग उडतो. ती हिशेबात ताज्या भावानं धरलीय."

"हीना, दुकानाच्या मुहूर्ताला भाव विचारतात का?"

"कढईच्या मुहूर्ताला कढईपुरते पैसे जातात! हे दुकान नाही. इथं आपण त्यांच्या धंद्यात भागीदार होतोय. उधारीत भागीदार, फटक्या मिरचीत भागीदार."

शेठजींचा आवाज चढला. "मग काय, व्याह्याचा माल मोडून पाहू?"

"काकांचा मोडता ना! सख्ख्या भावाचा!"

"तो भाऊ आहे. हे मुलीचं सासर आहे. भावाचा अबोला सुटतो. मुलगी परत आली की..." शेठ थांबले. पुढील शब्द त्यांनी पाण्याबरोबर गिळला.

 आपल्या नावाने घरातील माणसे घाबरतात, आणि त्या भीतीचे नाव मान असे ठेवतात, हे हीनाला त्या क्षणी दिसले. ती ताटावरून उठली. इचरजबाई मागून म्हणाली, "लोणचं तरी संपव, उष्टं टाकू नये." हीनाने परत येऊन उभ्यानेच लोणच्याची फोड तोंडात टाकली व तरातरा निघून गेली.

तरीही ही गोष्ट तेथेच थांबली असती. शेठजींचा पैसा शेठजींचा. त्यांनी तो नात्यापायी उधळला, तर त्यात मुलीने किती बोलावे यास मर्यादा आहे. हीनानेही मनाची तशी समजूत घातली होती. परंतु बुधवारी लिलावाच्या वेळी उखाभाऊ आले.

उखाभाऊ हे कोरीटचे शेतकरी. तापीपट्ट्यातील जुने घराणे, चार माणसांत वजन. माणकचंद शेठजींचा व त्यांचा व्यवहार हीनाच्या जन्मापूर्वीपासूनचा. दरवर्षी शेठ त्यांची मिरची मोडीत, दरवर्षी उखाभाऊ आवारभर ओरडत, आणि दरवर्षी माल तेथेच घालीत. यंदा मिरची बरी झाली होती. नदीवरून शेतापर्यंत पाइपलाइन टाकण्यासाठी त्यांनी रक्कम बँकेत ठेवली होती. हीना दुकानात पावत्या करीत बसली होती, आणि उखाभाऊ ओट्यावर शेठजींशी अहिराणीत बोलत होते, ते सर्व तिला ऐकू येत होते. शेठजींनी शेअर घेतल्याचे त्यांच्या कानी आले होते.

"शेठ, तुम्हीन त्या रक्तिमाना शेअर लिधात म्हने?"

"हा, लिधात ना. व्याह्यानं काम शे."

"मंग मी बी लेस. त्यासना मानूस गावमा येल व्हता, अर्ज भरी ग्या. पाइपलाइनना पैसा शे, तो टाकी देस. पुढला साले दुप्पट व्हई तं बोअर बी करसू."

 उखाभाऊ हसत उठले. "माले तं वाचता येत नही ते इंग्रजी. पन तुम्हीन लिधात म्हंजे मोडीसनच देखेल व्हई. तुम्हीन तं भाऊनी बी मिरची मोडतस!"

आणि शेठ गप्प बसले. पानाच्या डब्यातून त्यांनी सुपारीचे खांड काढले, ते अडकित्त्यात धरले, आणि गप्प बसले. "नाही, उखाभाऊ, मी काही पाहिलेले नाही" एवढेच वाक्य बोलायचे होते. आवारातील सर्व ढिगांत कोपरापर्यंत हात घालणाऱ्या माणसास ते वाक्य तोंडातून बाहेर काढता आले नाही.

पावत्यांवर हीनाचा हात थांबला. आदल्या दिवशीचा तिचा राग हा मुलीचा राग होता. हा राग निराळा होता. पारसमलजींनी शेठजींचे पैसे मागितले नव्हतेच, हे तिला आता कळले. शेठजींचे पैसे त्यांना चिल्लर होते. त्यांना हवा होता तो शेठजींचा हात, मिरची मोडणारा हात, आणि तो हात ढिगात न घालताच ढिगावर ठेवलेला लोकांस दिसावा एवढेच त्यांना पुरे होते.

दुपारी तिने अंकितला फोन लावला.

"तुझ्या मामांच्या पेढीनं गेल्या वर्षाचे पैसे दिले का?"

"हॅलो तरी म्हण," अंकित हसला. "तू लग्न माझ्याशी करतेयस की बॅलन्स शीटशी?"

"पैसे आले का?"

"येतील गं. मामा आहेत, पळून जाणारेत का? असं सगळीकडंच असतं. आणि तुला काय करायचंय? पहिल्या दिवशी भाव उघडेल, दीड पट, विकायचं आणि मोकळं व्हायचं. कंपनी चांगली की वाईट, हे ठेवून घेणाऱ्यानं बघायचं."

"उखाभाऊ ठेवून घेणार आहेत. त्यांना वाटतंय पाइपलाइन उगवेल."

"कोण उखाभाऊ?"

 ज्या माणसाचा अर्ज कालच यांच्या माणसाने गावात जाऊन भरून घेतला, त्याचे नावही येथे कोणास ठाऊक नव्हते.

"हीना," अंकितचा आवाज खाली आला, "हे पप्पांच्या कानावर नको. त्यांना वाटेल मुलगी घरात येण्याआधीच झडती घेतेय."

"वाटू दे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. अंकित मूळचा वाईट मुलगा नव्हता. परंतु जेथे काही विचारले असता राग येतो अशा घरात तो वाढला होता, आणि त्यामुळे विचारणे म्हणजेच अपमान, असे त्यास प्रामाणिकपणे वाटत होते.

गुरुवार उजाडला. दुपारी तीनच्या सुमारास पारसमलजी स्वतः दुकानी आले. पांढरा सफारी, हातात पेढ्यांचा पुडा. "व्याहीजी, मुहूर्त जोरात झाला! अर्जांचा पाऊस! तोंड गोड करा." ते गादीवर शेठजींच्या शेजारी टेकले. शेठजींनी पेढा तोंडात टाकला. हीनाने घेतला नाही. "मुलगी लाजते," पारसमलजी म्हणाले.

त्याच वेळी उखाभाऊ घामाघूम होऊन ओट्यावर चढले, खिशातून मोबाइल काढला आणि सरळ हीनापुढे धरला.

"माय, हाई देख ना. सकायपासीन वाजी ऱ्हायना. बँकनं काय तरी मांगी ऱ्हायना. नातू शायमा जायेल शे. तू दाबी दे."

पडद्यावर मंजुरीची विनंती होती. रक्कम लिहिलेली होती, खाली रक्तिमा मसाले लिमिटेड हे नाव होते. गुप्त अंक टाकला की पैसे अडकणार होते. न टाकला तर पाच वाजता तो अर्ज आपोआप बाद होणार होता. उखाभाऊंनी अंक मोठ्यानेच सांगून टाकला, इतका त्यांचा या ओट्यावर विश्वास.

"दाब बेटा, दाब," पारसमलजी म्हणाले. "उखाभाऊ तर आपल्या घरचेच."

हीनाने फोन हातात घेतला. अंगठा मात्र तिने पडद्यापासून दूरच ठेवला.

"उखाबा, तुम्ही मिरची घेताना काय पाहता?"

"मी कसाले लेस? मी तं इकस."

"घेतली असती तर?"

"मोडीसन देखतू ना! शेठगत."

"शेठनी ही मोडून पाहिलेली नाही."

 हमालांनी वाहिलेले पोते खाली आदळल्याचा आवाज आला, आणि लाल धूळ दारातून आत तरंगली.

"हीना!" शेठ ओरडले.

"खोटं असेल तर सांगा, बाबूजी. सांगा उखाबांना, मी पाहिलं म्हणून. मी लगेच दाबते."

पारसमलजी हसले, परंतु ते हसू ओठांपुरते होते. "व्याहीजी, शिकवलंत फार. माझ्या कंपनीला ऑडिटर आहेत, वकील आहेत, मुंबईची मोठी मंडळी आहेत. त्यांनी पाहिलं ते कमी पडलं म्हणून ही पाहणार?"

"त्यांनी पाहिलंय," हीना म्हणाली. "त्यांनी सगळं लिहूनही ठेवलंय. सुरतेची उधारी लिहिलीय, उणे रोकड लिहिलीय, कर्जाची हमी लिहिलीय. तुम्ही लपवलं असं मी म्हणतच नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या दारात माणूस पाठवला, एवढंच म्हणते."

"धंदा वाढतोय! विक्री दुप्पट आहे!"

हीना वडिलांकडे वळली. या एका प्रश्नासाठी तिने रात्रंदिवस आपले मन तापवले होते. "बाबूजी, विक्री दुप्पट, म्हणजे मिरची दुप्पट लागते. यंदाच्या हंगामात रक्तिमाचा माणूस लिलावात बोलला का?"

 शेठजींनी अडकित्ता उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. उत्तर भलत्याच दिशेने आले.

"कोन, तो काया टोपीवाला?" उखाभाऊ म्हणाले. "तो तं दिवाईपासीन दिसनाच नही. मी रोज आठेच ऱ्हास ना. एकबी ढीगवर बोलना नही तो."

"आम्ही बाहेरून आणतो," पारसमलजी घाईने म्हणाले. "आंध्रातून. स्वस्त पडते."

"कोणत्या गाड्यांनी?" हा प्रश्न माणकचंद शेठजींचा होता. तो विचारायचा नाही असे त्यांनी ठरवले असेल. पण इतक्या वर्षांच्या सवयीने तो तोंडातून निसटला. आंध्राची गाडी नंदुरबारात आली आणि बाजारातील हमालांना कळली नाही, असे घडत नाही. हे शेठजींस ठाऊक होते, पारसमलजींस ठाऊक होते, आणि हीनाला त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून आणखी एक गोष्ट कळली. रक्तिमाचा काळ्या टोपीचा माणूस लिलावात दिसत नाही, हे वडिलांच्या केव्हाच ध्यानात आले होते.

"नवी मिरची घेतलीच नाही, म्हणजे गोदामात जुनीच पडलीय. तुम्हाला ठाऊक होतं," ती हळू म्हणाली. "मी पुस्तकात शोधत बसले, आणि तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं."

पारसमलजी उठून उभे राहिले. "माझा हिशेब घेताय, व्याहीजी?"

शेठही उठले. त्यांची मान लाल झाली होती. "हिशेब नाही घेत. गोदाम उघडा. आत्ता. मी येतो, एक पोतं सोडतो, तळातली एक मिरची मोडतो. चांगली निघाली तर एकट्या उखाभाऊचा काय, अख्ख्या आवाराचे अर्ज पाच वाजायच्या आत भरून देतो."

"मुलगी द्यायची आहे की गोदाम तपासायचंय?"

"मुलगी कुणी देत नाहीये," हीना म्हणाली. "मुलगी इथं उभी आहे. तिच्याशी बोला. गोदाम उघडता का?"

पारसमलजींनी तिच्याकडे पाहिले नाही. पेढ्यांचा पुडा उचलला, झाकण लावले, आणि पायऱ्या उतरून गेले. मोटारीचे दार जोरात आदळले.

आता उखाभाऊंनी आभाराचे शब्द बोलावेत, अशी वाचकांची अपेक्षा असेल. तसे घडले नाही. शेठ त्यांच्यापुढे उभे राहिले आणि अहिराणीत म्हणाले, "उखाभाऊ, मी मोडीसन देखेल नही व्हतं. तुले वाटनं मी देखेल शे. माले समजनं तुले तसं वाटी ऱ्हायनं, तरी मी गप ऱ्हायनू."

उखाभाऊंनी हीनाच्या हातून फोन ओढून घेतला.

"इतला साल मन्ही मिरची मोडी मोडी देखी तुम्हीन! एक दाना ओला निंघना तं भाव पाडा. मी बोंबल्या मारू, तुम्हीन म्हनेत, उखा, सच्चा व्यवहार. आनि आज मन्हा पैसा जाई ऱ्हायना व्हता, तं तुमना तोंडमा पेढा? तोंड उघडनं नही?"

"चुकनू."

"चुकनू नही. तुमनी पोर तठे जाई ऱ्हायनी म्हनीसन मन्ही पाइपलाइन हुंडामा दी ऱ्हायना व्हतात तुम्हीन!"

अंक न दाबताच फोन खिशात घालून ते ओट्यावरून उतरले, पाच वाजता अर्ज बाद झाला, आणि त्या हंगामातील उरलेली सर्व मिरची त्यांनी समोरच्या दुकानी घातली. रोज शेठजींच्या डोळ्यांदेखत.

शुक्रवारी पारसमलजींकडचा माणूस येऊन नारळ व साडी परत ठेवून गेला, सोयरीक मोडली. अंकितचा निरोप नव्हता. इचरजबाई देवापुढे बसून रडली, मग स्वयंपाकघरात जाऊन पापड तळू लागली, बोट भाजले, आणि त्या कढईस तिने अशा शिव्या घातल्या की शेजारीण खिडकीत आली. "मुहूर्ताची म्हणे! बत्तीस वर्षं भाजतेय!" असे म्हणून तिने कढई मागील अंगणात भिरकावून दिली.

शेअर बाजारात आला त्या दिवशी त्याचा भाव चढा उघडला. अंकित म्हणाला होता तितका नव्हे, परंतु चढा. आवारात टोमण्यांस ऊत आला. "शेठ, पोरीला विचारून पेढे खाता का?" असे समोरचा व्यापारी मोठ्याने म्हणाला. कोरीटला जमनाबाईंनी, म्हणजे उखाभाऊंच्या पत्नीने, नवऱ्याचे जेवण कडू केले, आणि उखाभाऊ दुसऱ्या दिवशी रस्त्यात हीनाला गाठून म्हणाले, "तुन्हामुये गया ना फायदा!"

"भाव वाढला म्हणून मिरची ताजी झाली का, उखाबा?" हीनाही भर रस्त्यात ओरडली. "टोपीवाला आला का लिलावाला? आला असेल तर सांगा, मी तुमची माफी मागते!"

उखाभाऊ तसेच पुढे निघून गेले. टोपीवाला आला नव्हता.

शेठजींना शेअर मिळाले होते. हीनाने ते विकण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. "मुहूर्ताची खरेदी विकत नाहीत," ते म्हणाले, आणि या एका वाक्यावरून बापलेकीचे पुन्हा असे भांडण झाले की दोन दिवस दुकानात पावत्यांखेरीज शब्द नव्हता. आज त्या शेअरचा भाव काय आहे, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तो चढला असो वा पडला असो, पाहिल्यावाचून हात ठेवणे योग्य ठरत नाही.

त्यानंतर एक मात्र झाले. लिलावास निघताना शेठ दारात थांबून हीनाची वाट पाहू लागले. प्रथम लोक हसले. नंतर हीनाने कोपरापर्यंत बाही सारली आणि ढिगात हात घातला, तेव्हा हसणे थांबले, कारण तिने पाडलेला भाव खिशाला लागू लागला.

पुढील हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात उखाभाऊंची गाडी शेठजींच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. ते शेठजींशी बोलले नाहीत. तळातील एक मिरची स्वतःच उपसून त्यांनी हीनापुढे धरली.

"देख."

हीनाने ती कानाशी हलवली, मोडली, सालीवर अंगठा दाबला.

"ओल आहे, उखाबा. आणखी तीन दिवस पथारीवर उन्हात वाळायला हवी होती. भाव कमी मिळेल."

"ओल?" उखाभाऊ आवारभर दणाणेल असे ओरडले. "कोठे शे ओल? मन्ही मिरचीमा ओल? बापना वरताण निंघनी पोर! लुटी लिधं, लुटी लिधं माले!"

ते बराच वेळ ओरडत राहिले. ओरडता ओरडताच त्यांनी हमालांस खूण केली, आणि पोती शेठजींच्या ओट्यावर उतरू लागली.

ही कथा येथे पूर्ण झाली. आपण आपला बहुमोल वेळ खर्च करून ती वाचलीत, याबद्दल आपला मनःपूर्वक ऋणी आहे. लेखणी अनघड आहे, शब्दांत काही उणे राहिले असल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
धनसिंग इंद्रसिंग गिरासे
मु. कोरीट, ता. जि. नंदुरबार